जास्वंदीतला चेहरा

मी नगरला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी विधवा बाई. आमच्या कोरड्या हवेत जलरंग कागदाला लागला की वाळलाच. दिसतो तोच रंग खरा, अशी हाताला सवय. त्या सवयीनेच माझा घात केला.

बेचाळीसच्या चळवळीत सरकारी तारा तोडून माझा धाकटा भाऊ गोरक्ष फरारी झाला. दाढी वाढवून तो हर्णैला मावशीच्या बागेत माळी होऊन राहिला. पुढच्या मे महिन्यात मी तिथे गेले. समोर समुद्र, अंगणात कर्दळ, अनंत, जास्वंद. मी रोज फुलं रंगवायची आणि रोज त्या दमट हवेला शिव्या द्यायची, कारण कागद काही केल्या वाळत नसे. एके सकाळी गोरक्ष जास्वंदीला आळं करत होता. मला राहवेना. चित्रात पेन्सिलीने त्याचा चेहरा काढून बसले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

तेवढ्यात फाटकात नगरचे फौजदार उभे. माझ्या मागावर आलेले. गोरक्ष मागच्या कुंपणातून सटकला. मी त्या चेहऱ्यावर भलंमोठं तांबडं फूल फासलं आणि रेघा दिसेनाशा झाल्या. फौजदारांनी घर पालथं घातलं. हाती काही लागलं नाही, तेव्हा जाताना ते ओलं चित्रच फळीसकट उचललं. घरात शोभेल म्हणाले. नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

ते गेल्यावर डोक्यात उजेड पडला. वाळला की हा रंग फिका पडतो. आणि रात्री परत आलेल्या गोरक्षला हलवायला दुसरी जागा नव्हती.

सुट्टी संपवून मी नगरला परतले, तर फौजदारांच्या बायकोचं बोलावणं आलं. मी गेले. भिंतीवर माझं चित्र होतं. फुलाचा रंग उतरला होता आणि पाकळ्यांतून गोरक्ष बघत होता.

"बाई, ह्या फुलात कुणीतरी बसलंय," ती म्हणाली.

फौजदार खुर्चीतून उठले. त्यांच्यापाशी गोरक्षचा फोटो होता, पण बिनदाढीचा. "कोण आहे हा?"

"आमचे हे," मी म्हणाले. "वारले ते."

माझं पांढरं कपाळ बघून तिने मान खाली घातली. फौजदारांनी चित्र उतरवून माझ्या हातात दिलं.

घरी येऊन मी कडी लावली. जिवंत भावाला मी माझ्या तोंडाने मेलेला म्हटलं होतं. फौजदारांपेक्षा त्या शब्दाचीच मला जास्त भीती वाटू लागली.