पाच ताऱ्यांचं आंदण

मांडवात आंदण मांडून झालं होतं. आलमारी, दिवाण, पितळी गुंड, ताटं-वाट्यांची रास, आणि सगळ्यांच्या पुढं, कोऱ्या सतरंजीवर, लाल रिबीन बांधलेला फ्रिज. त्याच्या दारावर पाच ताऱ्यांची चिठ्ठी. मन्सूरनं एकदा तिकडं पाहिलं आणि नजर खाली आणली ती चपलेवरच ठेवली.

कुरखेड्याच्या बाजारात मन्सूरचं पंखे-फ्रिजचं दुकान. फ्रिजवर ताऱ्यांच्या चिठ्ठ्या नव्यानंच यायला लागल्या होत्या, आणि त्यांचा अर्थ गुणवंतरावाला त्यानंच समजावला होता. "जितके तारे जास्त भाऊ, तितका करंट कमी खाते." गुणवंतराव धानाचा शेतकरी, लेक दिव्यानीचं लग्न काढलेला. बोटं मोजत मोजत त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मंग दिव्यानीले पाचच पायजे. बिल आलं का सासरचे तिच्याकडं पाहातीन, असं नको व्हाले."

पाच ताऱ्यांचा एकदारी फ्रिज नागपुरातून यायचा होता. आला नाही. लग्न चार दिवसांवर. दुकानात होता तो दोन ताऱ्यांचा. मन्सूरनं तेवढं सांगायचं होतं. पण गिऱ्हाईक उठून आरमोरीच्या दुकानात जाईल, या एका भीतीनं जीभ आत ओढली. मोठा दोन दारांचा फ्रिज दुकानात उभा होता. त्याची पाच ताऱ्यांची चिठ्ठी त्यानं गरम फडक्यानं सोडवली आणि छोट्याच्या दारावर, दोन ताऱ्यांच्या वर, नीट बसवली.

बायको कनीज दारात येऊन उभी होती. "ये क्या कर रहे जी?"

"गावात चौदा घंटे लाइट नसते. तारे कोनाले मोजाचे हायेत?"

"पीले चावल देके बुलाया उन्होंने तुमको," कनीज एवढंच म्हणाली आणि पडदा सोडून आत गेली.

खरंच होतं. गुणवंतराव स्वतः सायकलवर येऊन अक्षत देऊन गेला होता. झाडीपट्टीत अक्षत दिली की माणूस घरचा. मांडवात त्याचा मान राखायचा, त्याला खाली पाहायला लावायचं नाही.

आता मांडवात माइकवर गावातला डोमा आंदण वाचत होता. "नवरीच्या बापाकडून फ्रिज एक! पाच ताऱ्याचा!" बायांनी लगेच ओवी जुळवली. त्यांना काय, जे दिसेल त्याचं गाणं होतं:

*पाच गं चांदन्या, उतरल्या मांडवात,*
*बापाच्या मायेनं गार लेकीचा रांजनकाठ.*

ओवीचा एकेक शब्द मन्सूरच्या मानेवर येऊन बसत होता. गुणवंतरावाची बायको कमळा पदरानं फ्रिजवरची धूळ पुसत होती. धूळ नव्हतीच तिथं.

तेवढ्यात नवरदेवाचा मामा पुढं झाला. हेमराज, नवरदेवाच्याच गावी, गडचांदूरला, सिमेंट कारखान्यात वायरमन. त्यानं चष्मा लावला, चिठ्ठीवर बोट फिरवलं, मग फ्रिजच्या मागं जाऊन पाहून आला.

"काहो," तो म्हणाला, "इथं तं दोन दरवाज्याचा फ्रिज लिवला हाय. अडीचशे लिटर. याले दरवाजा तं एकच दिसून राह्यला."

"दुसरा दरवाजा बैलानं खाल्ला असन!" मागून कोणीतरी ओरडलं. मांडव हसला.

हेमराजनं नखानं कोपरा उचलला. चिठ्ठी सोललेल्या सालीसारखी निघाली. खाली दोनच तारे.

ओवी अर्ध्यावर तुटली. गुणवंतरावानं मन्सूरकडं पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग असता तर मन्सूरला सोसला असता. पण त्या नजरेला नुसतं सगळं कळलं, आणि ती परत फिरली.

"मीच लावली जी," गुणवंतराव म्हणाला. "पोरीचं आंदन मोठं दिसावं म्हनून."

मन्सूरची नजर पुन्हा चपलेवर गेली. तिथंच राहिली.

"वा व्याहीबुवा!" हेमराज म्हणाला. "दोन तारे सांगतले असते तं आमी काही लगन मोडलं असतं का?" पुन्हा हशा. कमळानं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. गुणवंतराव हात जोडून हसत राहिला. मन्सूरच्या जवळून जाताना खालच्या आवाजात म्हणाला, "जेवून जाजा भाऊ. उपाशी नोका जाऊ."

पंगतीत वरातीची पोरं शेजारी बसली होती. "एका दरवाज्याचा बुढा," एकजण म्हणाला, "दोन दरवाजे दाखवते!" सगळे हसले. आणि मन्सूरही हसला. तोंडात भाताचा घास होता, तरी हसला.

ऊन कलल्यावर बिदाईची वेळ झाली. दिव्यानी एकेकाच्या पाया पडत त्याच्यापर्यंत आली. वाकली तसा तो दोन पावलं मागं सरकला.

"बेटी, नोको. ते चिठ्ठी मीनं लावली होती."

"मले ठाऊक हाय, काका." रडून तिचा आवाज बसला होता. "बाबाले इंग्रजी कुठी येते? तुमच्या दुकानातूनच तसा आला."

"मले लाज वाटली."

"बाबाले नसन वाटली?" ती म्हणाली. मग थांबून, "मी तं चालली काका. पन त्या घरी आता मह्या बापाचं नाव याच गोष्टीनं निंगन. दरवेळी फ्रिज उघडला का."

ती पुढं सरकली. मन्सूर थेट मेटाडोरपाशी गेला. हेमराज फ्रिज दोरानं बांधत होता.

"हेमराजभाऊ, ते काम मह्यं होतं. गुणवंतभाऊचं नाई. मी दुकानदार. नवा फ्रिज आला का मी सोता गडचांदूरले घेऊन येतो, हा वापस नेतो."

हेमराजनं दोर सोडला. "फ्रिजचं जाऊ द्या. त्या मानसाले दोनशे लोकाइनं हासलं. मले एकट्याले सांगून काय होते जी? डोमा, माइक दे याले."

"माइक कुठचा?" मांडवातून डोमाचा आवाज आला. "लाइट गेली ना कवाचीच."

हेमराजनं खांदे उडवले. मन्सूर मांडवाकडं वळला. लोक खांबाखांबांशी पाच-पाच, सात-सात जणांचे घोळके करून बसले होते. कोणी पान लावत होतं, कोणी चपला शोधत होतं. गुणवंतराव दूरच्या टोकाला सतरंज्या गुंडाळत होता. तो "राहू द्या भाऊ" म्हणून हात हलवत होता. मन्सूरनं तिकडं पाहिलं नाही.

पहिल्या खांबापासून त्यानं सुरुवात केली. "मीनं लावली होती ते चिठ्ठी. गुणवंतभाऊनं नाई." मग दुसरा खांब. तेच वाक्य, आणि दरवेळी पहिल्यापेक्षा जड. कोणी मान हलवली, कोणी थुंकलं, एक बाई "आता सांगते मेला" म्हणाली. तिसऱ्या खांबाशी दसरू पाटील बसला होता. त्याला ऐकायला कमी यायचं.

"काय म्हनते?" त्यानं कानाला हात लावला.

मन्सूरनं श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं.