ताईनं निवडून दिलेला लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायचा होता गेमिंगचा, पण घरात गेम खेळणारं कुणीच नव्हतं. घ्यायचा होता भावजयीला, आणि निवडून द्यायचा होता ताईनं.

ताईचं काम थ्रीडी चित्रांचं. घर बांधून व्हायच्या आधी ते आतून कसं दिसेल, सोफ्यावर ऊन कुठून येईल, ओट्याला कुठला दगड शोभेल, हे ती कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करून द्यायची. आतल्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं आणि त्या टेबलाशी ती कित्येक वर्षं मान मोडून काम करत आली होती. भावाचं लग्न झालं, भावजय घरात आली आणि तिलाही या कामाची गोडी लागली. ताईनंच तिला हाताला धरून शिकवलं. सावली मऊ कशी करायची, काच काचेसारखी कशी दिसू द्यायची, सगळं. शिकवताना ताईला बरं वाटायचं. ती शिकली, तेव्हा मात्र वाटेनासं झालं.

कारण भावजय शिकली आणि घराबाहेर पडली. ताई चित्रं मेलनं पाठवून मोकळी व्हायची. भावजय भावाचा जुना लॅपटॉप घेऊन थेट बांधकामावर जायची, सिमेंटच्या पोत्यावर बैठक मारायची आणि घरमालकांच्या देखत भिंतींचे रंग बदलून दाखवायची. माणसं खूश. ज्या आर्किटेक्ट बाई इतकी वर्षं ताईला काम देत आल्या, त्यांचा फोन आला की आता पहिला प्रश्न असायचा, "ती आहे का हो घरी?" ती म्हणजे कोण, हे सांगायचीही त्यांना गरज वाटत नव्हती. ताई फोन भावजयीच्या हातात द्यायची आणि स्वच्छ पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घ्यायची.

एक दिवस त्या जुन्या लॅपटॉपनं मान टाकली. जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, हिच्याबरोबर तू जा. यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतंय?"

"हो ताई, तुम्ही म्हणाल तोच घेऊ," भावजय म्हणाली.

चित्रांना ग्राफिक्स कार्ड दणकट लागतं आणि तसं कार्ड गेमिंगच्याच लॅपटॉपमध्ये मिळतं. दुकानातल्या विक्रेत्यानं दोन काढून ठेवले. एक पातळसा, करड्या रंगाचा, बॅटरी बराच वेळ टिकणारा. दुसरा ऐसपैस. कीबोर्डखाली लाल-निळे दिवे, मागं जाळ्या, आणि चार्जर म्हणजे अक्षरशः वीट. भावजयीनं पातळ लॅपटॉप एका हातानं उचलला आणि तिचा चेहरा खुलला. हाच हिच्या कामाचा, हे ताईला त्याच क्षणी कळलं होतं. तो खुललेला चेहराच तिला बघवला नाही.

"खेळणं आहे ते," ताई म्हणाली. "मोठा बंगला उघडलास की धापा टाकेल."

"तसं नाही मॅडम," विक्रेता म्हणाला, "काम हाही व्यवस्थित करतो, थोडा सावकाश इतकंच. आणि रोज घेऊन फिरायचं असेल तर..."

"आम्हाला फिरायचं नाही, काम करायचंय," ताईनं त्याला मधेच तोडलं.

भावजयीनं मोठा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "जड आहे ना हो जरा?"

"होते सवय."

झालं. ताईच्या शब्दाबाहेर ती कशाला जाते? घरी येताना बसमध्ये तिनं तो खोका मांडीवर असा धरला होता, जसं काही त्यात तान्हं मूल आहे. "तुम्ही होतात म्हणून, ताई. मी एकटी असते तर फसले असते," असंही म्हणाली. ताईनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

आता ही दमेल, आता ही जायची बंद होईल, म्हणून ताई वाट बघू लागली. लॅपटॉपनं आपली बाजू चोख सांभाळली. खांद्याला त्याचा पट्टा रुतायचा. बांधकामावर दोन खोल्या दाखवून होईतो बॅटरी संपायची. पंखे असे घोंगावायचे की बोललेलं ऐकू यायचं नाही. पण भावजय कसली वस्ताद! वीज मिळावी म्हणून तिनं प्रत्येक ठिकाणच्या वायरमनशी ओळख काढली. ती आली की लोक आपणहून वायर ओढून द्यायचे. "तुमचं विमान उतरलं का हो?" म्हणून हसायचे. आर्किटेक्ट बाई ताईलाच कौतुकानं सांगायच्या, "काय धडपडी पोरगी आहे हो तुमची!"

आणि भाऊ. बायकोच्या खांद्याला त्रास होतो म्हणून तो रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत जायला लागला. ताई खिडकीतून बघायची. दोघं रमतगमत चालायची, मधेच थांबून हसायची. शाळेत असताना याचं दप्तर कुणी वाहिलं होतं? ताईनं. याला कधी तिची भाजीची पिशवी घ्यावीशी वाटली? आणि हे सगळं कुणी जुळवून आणलं, तर तिनंच! ताईचा नुसता जळफळाट झाला. त्या दिवशी तिचं एकही चित्र धड झालं नाही.

मग तिच्याही मनानं घेतलं, की आपणही बाहेर पडायचं. कुणाला न सांगता ती त्याच दुकानात गेली आणि तो पातळ लॅपटॉप घेऊन आली. बाहेर पडायचा धीर होईना, म्हणून दार लोटून घेऊन त्यावर काम करायची, उठताना कपाटात ठेवून द्यायची. चोरासारखं वाटायचं, पण लॅपटॉप मात्र फार गुणी होता.

एका दुपारी भावजय चहा घेऊन आत आली. कपाट उघडायला वेळच मिळाला नाही.

तिनं कप टेबलावर ठेवला. लॅपटॉपकडे पाहिलं. मग तो एका हातानं उचलला, अगदी दुकानात उचलला होता तसा, आणि हळूच खाली ठेवला.

"हे खेळणं होतं ना, ताई?"

"हा... हा नवीन आलाय," ताई म्हणाली.

भावजय वळली. जाताना दार मात्र तिनं होतं तसंच लोटून घेतलं.

ती भांडली नाही, भावाकडेही काही बोलली नाही. फक्त विचारणं बंद झालं. 'ताई, हे बघता का', 'ताई, असं करू का', अशा हाका दिवसभर यायच्या, त्यांचा ताईला वैताग यायचा. आता घरात नुसते पंखे घोंगावत होते. काही विचारलं तर भावजय 'हो' म्हणायची, 'नाही' म्हणायची. ताईला चहा वेळच्या वेळी मिळायचा आणि तो गोड लागायचा नाही.

पुढच्या आठवड्यात भाऊ कामासाठी परगावी गेला आणि नेमकं तेव्हाच भावजयीला एका उंच इमारतीत बोलावणं आलं. लिफ्ट अजून बसायची होती. सकाळी ती दारात उभी राहून खांद्यावर रुमालाची घडी ठेवत होती, पट्टा रुतू नये म्हणून. ताई आतून पातळ लॅपटॉप घेऊन आली.

"हा ने. आर्किटेक्ट बाईंकडून तुझं काम मागवून रात्रीच यात घालून ठेवलंय."

"आणि तुम्ही?"

"मी टेबलाशीच असते. मला जड काय नि हलकं काय." मग एका दमात म्हणाली, "दुकानातही तुझ्यासाठी हाच बरा होता. मला कळत होतं."

"मलाही कळलं," भावजय म्हणाली. "उशिरा कळलं." तिनं लॅपटॉप घेतला, चपला घातल्या आणि गेली. आभार वगैरे काही नाही. ताईनं ते अपेक्षिलंही नव्हतं, तरी लागलं.

ती मोठा लॅपटॉप आपल्या टेबलावर मांडत होती, तोच फोन वाजला.

"ताई, पासवर्ड?" भावजयीच्या मागं माणसांचे आवाज येत होते. कुणीतरी हसत होतं. ताई स्वच्छ टेबल पुन्हा पुसू लागली.

"तो... तुझ्या नवऱ्याचं घरातलं नाव. आणि पुढं जन्माचं साल."

पलीकडे मग भावजय खुदकन हसली. "अहो, त्या मोठ्याचा पासवर्डही हेच नाव आहे. पुढं फक्त लग्नाचं साल घाला."

ताईला हसावं की चिडावं कळेना. तिनं एका बोटानं नाव टाईप केलं, साल घातलं. लॅपटॉप उघडला आणि पंखे गरजू लागले.

"उघडला का?"

"उघडला. काय गं हा आवाज!"

"त्याच्या मागच्या बाजूला खाली काहीतरी सरकवा, कमी होतो. आणि ताई, इथं गॅलरीत फार ऊन आहे, पडद्यावर काहीच दिसत नाही. काय करू?"

ताईनं फोन खांद्याशी धरला आणि हाताला लागलेली डब्यांची चपटी झाकणं लॅपटॉपखाली सरकवली.

"आधी तू भिंतीकडे पाठ करून उभी राहा बघू, म्हणजे पडद्यावर ऊन येणार नाही," ती म्हणाली.