चीजने मीठ कमी खावं

रविवारची प्रार्थना अजून संपायची होती, तरी ब्रेस्तोवोचं चर्च रिकामं झालं. पाद्रीबुवा आत धूप ओवाळत राहिले आणि निम्मं गाव समोरच्या संस्कृतिभवनात खुर्चीसाठी एकमेकांना कोपरं मारू लागलं. देव काय, पुढच्या रविवारीही भेटला असता. प्रोफेसर स्पासे मात्र दोनच रविवार येणार होते.

कसले प्रोफेसर, ते कुणी विचारलं नाही. पांढराशुभ्र कोट, चकचकीत बूट, गळ्यात माईक एवढं पाहिल्यावर कसले काय विचारायचं? मंचावर टेबल, टेबलावर बुटाच्या खोक्याएवढी पेटी, पेटीला निळे दिवे, शेजारी लॅपटॉप. पेटीतून निघालेली तार एका पडद्याआड जात होती. तिच्या टोकाला एक पितळी दांडी होती. गावच्या बायका लाजाळू, म्हणून पडद्याची सोय. प्रोफेसरांना बायकांची केवढी काळजी!

"सुई नको, कात्री नको, रक्ताचा थेंब नको," प्रोफेसर गात होते, "हातात घ्या दांडी, आणि मनात शंका नको! मायबाप हो, शरीराची प्रत्येक पेशी गाणं गाते. डॉक्टरांना ते ऐकू येत नाही. हे यंत्र ऐकतं. एक मिनिट, दोनशे चाळीस तपासण्या!"

नाव, वय, उंची, वजन लॅपटॉपवर लिहायचं, दांडी धरायची, दिवे लुकलुकायचे, आणि छापील कागद सुर्रकन बाहेर यायचा. कुणाचं यकृत चिडलेलं, कुणाचा मणका उदास. तपासणी फुकट होती. थेंबांची बाटली तेवढी विकत, आणि कागदावर बाटलीचं नाव नाही असा माणूस ब्रेस्तोवोत अजून जन्मायचा होता.

शेवटच्या रांगेत गावची डॉक्टर रुमेना उभी होती. सतरा वर्षं या डोंगरात काढलेली बाई. तिचं लक्ष पडद्याकडे होतं, कारण पडद्याआड स्लावका होती.

स्लावका म्हणजे झाफिर मेंढपाळाची बायको, वय सेहेचाळीस. तिच्या हातचं पांढरं चीज खाल्लं नाही असं घर तीन गावांत नव्हतं. सहा आठवडे झाले होते. संध्याकाळी मेंढ्या डोंगर उतरू लागल्या की स्लावकाचा ताप डोंगर चढू लागे. सकाळी घामानं उशी भिजलेली, अंग हलकं, जणू काही झालंच नाही. आणि सांज झाली की पुन्हा कंबर मोडे, सांधे रडत. रुमेनानं पहिल्याच आठवड्यात रक्त शहरात पाठवलं होतं. अहवाल आला, सगळं स्वच्छ. तेव्हापासून ती एकच वाक्य म्हणत होती, "मला अजून कळलेलं नाही. पुन्हा तपासू." असं वाक्य बोलणाऱ्याला कोण टाळ्या देतं?

स्लावका कागद घेऊन बाहेर आली. झाफिरनं तो वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि थेट रुमेनापाशी आला.

"डॉक्टरीणबाई, सहा आठवडे तुमचं 'बघू, बघू' चाललंय. यानं एका मिनिटात दोनशे चाळीस गोष्टी सांगितल्या."

"त्यातल्या खऱ्या किती?"

"खरं-खोटं मला काय कळतंय? पण सांगितल्या तरी!"

खोटं उत्तर रुमेनाकडे कधीच नसे, तोच तिचा दोष.

त्या आठवड्यात दवाखान्यात आजारी माणसांपेक्षा कागदच जास्त आले. लोक ते लग्नपत्रिकेसारखे दाखवत. स्टोयना आजीनं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला.

"बघ गं पोरी, माझं पित्ताशय थोडं आळशी आहे. अठ्ठ्याहत्तर टक्के."

"आजी, तुमचं पित्ताशय नऊ वर्षांपूर्वी काढलं. मीच नेलं होतं तुम्हाला. बशीतले खडे बघून तुम्ही म्हणालात, याची माळ करा."

आजी जरा विचारात पडली. "मग परत उगवलं असेल."

"ती काय कांद्याची पात आहे?"

आजी गेल्यावर रुमेनानं सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. साठीपुढच्या सगळ्या बायकांचं पित्ताशय आळशी. जाड पुरुषांचं प्रत्येकाचं यकृत चिडलेलं. बारीक असतील त्यांचा मणका उदास. पेशींचं गाणं ऐकणारं हे यंत्र वय आणि वजनापलीकडे काहीच ऐकत नव्हतं! तिला हसू आलं, आणि ते पुरतं ओसरायच्या आत स्लावका दारात आली. एकटी, भिंतीला धरून.

"झाफिरला सांगू नका मी आले ते. थेंब घेतेय मी नेमानं, दिवसातून तीनदा, कच्च्या दुधातून."

रुमेनाची लेखणी थांबली. "कच्च्या?"

"उकळलं की दुधातला प्राण जातो म्हणतात प्रोफेसर."

"स्लावका, पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, कच्चं दूध पितेस का. तू नाही म्हणालीस."

"नाहीच पीत! मला मेली दुधाची चवच आवडत नाही. हे तर औषध झालं."

रुमेनानं खुर्ची पुढे ओढली. "बरं. दूध नसलेलं दूध आणखी काय काय असतं गं तुमच्याकडे?"

स्लावका गोंधळली. "वसंतातल्या सेंट जॉर्जच्या सणाला मेंढीच्या पहिल्या धारेची वाटी घेतो आम्ही. पण तो प्रसाद, ते काय दूध पिणं झालं? तो उकळला तर मेंढ्यांची कास जळते, सासूबाई सांगायच्या. आणि चीज लावताना रोज बोटानं चाखते, दही जमलं का ते बघायला. चाखणं म्हणजे खाणं थोडंच!"

"या वसंतात मेंढ्या गाभडल्या का, वेळेआधी पिलं टाकली का?"

"तीन. झाफिर म्हणाला, गारठा लागला."

रुमेनानं लेखणी खाली ठेवली. सहा आठवडे उत्तर दुधाच्या वाटीत होतं आणि ती भलताच प्रश्न विचारत बसली होती. मेंढ्यांना गाभडवणारा आणि त्यांच्या कच्च्या दुधातून माणसात येणारा तो जुना, लबाड ताप. ब्रुसेलोसिस. पहिल्या आठवड्यात रक्त तपासलं तर तो सापडेलच असं नाही. त्याचे जंतू सावकाश वाढतात, आणि प्रयोगशाळेला आधी कळवावं लागतं, की बाबांनो, याचा संशय आहे, जंतू वाढवायची बशी लवकर फेकू नका. तिनं स्लावकाच्या छातीला नळी लावली. ठोक्यांच्या मध्ये एक हलकी सळसळ होती, वाळल्या पानांतून कुणी गेल्यासारखी. मागच्या महिन्यात ती नव्हती. हा जंतू हृदयाच्या झडपेवर बसला, तर फार दिवस देत नाही.

संध्याकाळी ती स्वतः झाफिरच्या अंगणात गेली. "उद्या शहरात चला. रक्त पुन्हा तपासायचं, हृदयाचं चित्र काढायचं."

झाफिरनं कागद पुढे धरला. "हे बघा, जंतू शून्य. यंत्रानं सांगितलंय."

"माझा संशय आहे—"

"तुमचा संशय! त्याची खात्री आहे." मग त्याचा आवाज खाली आला. "माझ्या आईला नेलं होतं शहरात. टोचलं, टोचलं, आणि पेटीत घालून परत दिलं. मी स्लावकाला नाही नेणार, बाई. नाही नेणार."

आतून स्लावकाचं खोकणं ऐकू आलं. त्याच्याशिवाय ती शहराची वाट धरणार नव्हती, हे रुमेनाला ठाऊक होतं. या माणसाला मूर्ख म्हणणं सोपं होतं. पण तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला खात्री हवी असते. मग ती कुणीही विको.

तीन दिवस रुमेनानं डोकं खाजवलं. शनिवारी ती स्लावकाशी पाच मिनिटं एकांतात बोलली. काय बोलल्या कुणास ठाऊक, पण कित्येक दिवसांत पहिल्यांदा स्लावका हसली.

दुसरा रविवार. सभागृह तुडुंब. झाफिरनं प्रोफेसरांना भेट म्हणून ताज्या चीजचा मोठा गोळा आणला होता, मिठाच्या पाण्यातून काढलेला, ओल्या फडक्यात बांधलेला. रिकाम्या हातानं वैद्यापुढे जायची इथं रीत नाही.

"फडकं गळतंय," रुमेना म्हणाली. "द्या, मी आत ठेवते. स्लावकाला खुर्चीवर बसवतेच आहे."

दोघी पडद्याआड गेल्या. बाहेर प्रोफेसरांनी माईक फुंकला.

"स्लावकाताई, वय सेहेचाळीस, उंची एकशे चौसष्ट, वजन बासष्ट! दांडी घट्ट धरा. दीर्घ श्वास घ्या. हां, छान! श्वासात केवढा फरक पडलाय! मंडळी, ही थेंबांची किमया." दिवे लुकलुकले. कागद सुर्रकन आला. "यकृत चिडलेलं, पण आता ऐकायला लागलंय. डावं अंडाशय थंड पडलंय. ताई, तुम्ही मनात दुःख साठवता. सगळ्यांसाठी झिजता, स्वतःसाठी कधी जगलाच नाहीत." पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळ्यांना रुमाल लावला. "जंतू शून्य! आणि एक पथ्य. मीठ कमी खा."

रुमेनानं पडदा सर्रकन ओढला.

खुर्चीवर फडक्यात चीजचा गोळा बसला होता, पांढरा, गरीब, घामाघूम. त्याच्या पोटात पितळी दांडी खुपसलेली होती. स्लावका चार हात लांब, खिडकीच्या कठड्यावर, हात मांडीवर ठेवून बसली होती.

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग स्टोयना आजीचा आवाज सभागृहभर घुमला.

"अगंबाई, चीजला मीठ वर्ज्य! मग ते नासणार नाही का?"

असं हसू ब्रेस्तोवोनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. प्रोफेसर मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "हसा! चीजही सजीव असतं. त्याचंही जैविक क्षेत्र—"

"असेल बाबा," आजी म्हणाली, "पण त्याचं डावं अंडाशय मला बोट ठेवून दाखव."

रुमेना पेटीपाशी गेली. तिनं पेटीतून तारच उपटून काढली आणि दांडीसकट झाफिरच्या हातात दिली. मग लॅपटॉपवर तेच नाव, तेच वय, तीच उंची, तेच वजन लिहून कळ दाबली. दिवे लुकलुकले. कागद आला. यकृत चिडलेलं, अंडाशय थंड, जंतू शून्य. मागच्या रविवारचा कागद झाफिरच्या टोपीत होता. त्यानं तो काढला. तीन कागद: एक बायकोचा, एक चीजचा, एक कुणाचाच नाही. तिन्ही अक्षरन् अक्षर सारखे.

"यंत्र हे एवढंच," रुमेना म्हणाली. "तुम्ही वय आणि वजन सांगता, ते साठवलेल्या ओळी छापतं. दांडी दाखवायला, दिवे बघायला. आणि झाफिर, या दोनशे चाळीस गोष्टींत एकच शोधण्यासारखी होती. तुमच्या मेंढ्या गाभडल्यात. या चीजमध्ये खरंच जंतू असतील असं मला वाटतं. नेमके तेच यंत्रानं शून्य सांगितले."

हसू थांबलं. झाफिर दांडी हातात धरून उभा होता.

"तुमचीही तपासणी चुकली होती ना?" त्यानं हळूच विचारलं. "तुम्हीच म्हणालात, सगळं स्वच्छ."

"चुकली. आणि मी प्रश्नही चुकीचा विचारला. पण माझी चूक पकडता येते, कारण मी पुन्हा तपासते. याची चूक पकडायला चीज लागलं. आताही मी खात्रीनं बोलत नाही, झाफिर. दाट संशय आहे, एवढंच. बरोबर निघालं तर औषध आहे, महिनोन् महिने घ्यावं लागेल. चूक निघालं तर पुढचा प्रश्न विचारू. पण तिच्या छातीतला आवाज फार वाट बघणार नाही."

झाफिर बायकोकडे बघत राहिला. स्लावका कठड्यावरून उतरली आणि तिनं स्वतःच बाही वर सारली.

"चल, गाडी काढ," ती म्हणाली. "सुई मला टोचणार आहे, तुला नाही."

प्रोफेसरांनी एवढ्यात पेटी काखेत मारली होती. जाताना भेटीचं चीज न्यायला मात्र ते विसरले. गावातल्या कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही. रुमेनानं त्यातला एक तुकडा बरणीत घालून शहरात पाठवला आणि उरलेला पुरायला लावला.

नवव्या दिवशी अहवाल आला. रक्तात तेच जंतू, चीजमध्येही तेच. हृदयाचं चित्र वेळेत निघालं, झडप अजून वाचण्याजोगी होती. पशुवैद्य येऊन कळपातली एकेक मेंढी तपासून गेला आणि तेरा मारण्यासाठी वेगळ्या काढल्या. झाफिर त्या दिवशी रडला, पण बायको अंगणात उभी राहून त्याला रागावत होती, म्हणजे तसं बरंच चाललं होतं.

औषध सुरू करायच्या दिवशी स्लावका दवाखान्यात आली. रुमेनानं अहवाल पुढे ठेवला. स्लावकानं तो सरळ धरला, उलटा धरला, आणि विचारलं, "पण हे खरं कशावरून?"

झाफिर ओशाळला. "अगं, डॉक्टरीणबाईंना असं विचारतात का?"

रुमेनानं दार लोटून घेतलं, दोघांना बसवलं आणि अर्धा तास चित्रं काढून समजावत राहिली. जंतू कसे वाढवले, कुणी पाहिले, दुसऱ्यांदा कसे पडताळले, आणि या अहवालातही चूक होण्याची किती शक्यता आहे. बाहेर रांग खोळंबली. तिला पर्वा नव्हती. सतरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

वाचकहो, यंत्र नवं असो की जुनं, सांगणाऱ्याच्या अंगात पांढरा कोट असो की भगवा, एवढा एक प्रश्न बिनधास्त विचारा. ज्याच्याकडे खरं उत्तर असतं, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.