एकोणीस डिग्री

तणाव कसा हाताळावा यावर कॉलेजने व्याख्यान ठेवलं, तेही सक्तीचं आणि नेमकं माझ्या आठवड्यातल्या एकमेव मोकळ्या दुपारी. त्या दुपारी मी लॅबमध्ये राहिलेले तीन प्रयोग करणार होते. व्याख्यानाच्या बाई दीर्घ श्वास घ्यायला सांगत होत्या आणि मी श्वासागणिक त्यांना शिव्या घालत होते. शनिवारी जर्नलवर सही झाली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. पहिलंच वर्ष वाया जाणार होतं.

आणि वर्ष वाया म्हणजे घरी, ताईच्या तोंडासमोर. ती याच कॉलेजातून शिकून बाहेर पडलेली. आम्ही कधी रडलो नाही, हे तिचं पालुपद. मी फोनवर आईला माझी दगदग सांगू लागले की मागून तिचा आवाज यायचा, नाचता येईना अंगण वाकडं. मला तिचा मनापासून तिटकारा होता. तरी अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिचं जुनं जर्नल मागितलं, तिने उपकार केल्यासारखे पानांचे फोटो पाठवले आणि मी तिन्ही प्रयोगांचे आकडे जसेच्या तसे उतरवून काढले.

शनिवारी सरांनी पान उघडलं. खोलीचं तापमान, एकोणीस डिग्री. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती आणि भिंतीवरचा थर्मामीटर पस्तीस दाखवत होता. ही खोली कुठे आहे, मलाही तिथे बसायचंय, असं ते शांतपणे म्हणाले. मग वरचं आडनाव वाचून त्यांनी ताईचं नाव घेतलं आणि ती माझी कोण, असं विचारलं. मी सांगितलं.

"तिनेही एकोणीसच लिहिलं होतं," सर म्हणाले. "कुणाचं तरी बघून. याच टेबलाशी रडत उभी होती. सगळं नव्याने करून आणलं तेव्हा सही दिली."

सही झालेलं जर्नल कॉलेज ठेवून घेतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे घरी उरतं ते सही न करता परत केलेलंच. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. मला ताईचा संताप आला, आणि माझी स्वतःची लाज वाटली.

सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. बाहेर येऊन मी ताईला फोन लावला. झाली का सही, तिने विचारलं.

"एकोणीस डिग्री," मी म्हणाले.

ती हळू आवाजात म्हणाली, "आईला सांगू नकोस."

मी तिचा फोन ठेवला आणि आईला लावला. आधी माझं सगळं सांगितलं, मग तिचं. या वेळी मागून कुणाचा आवाज आला नाही.