आजोबांची वीत

तिने बर्फाचं फावडं खाली ठेवलं आणि धक्क्याच्या कडेला येऊन बोट पाहिली. पाण्यात खोल बसली होती. म्हणजे मासळी होती, भरपूर होती. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शीतगृहात नवऱ्यासाठी सांगून ठेवलेली नोकरी तिला हातची जाताना दिसली.

तसं ठरलंच होतं. ही खेप रिकामी गेली तर बोट विकायची, बेट सोडायचं. सासऱ्यांनीच शब्द दिला होता. गेल्या वादळात नवरा दोन दिवस परतला नव्हता, तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

"सूनबाई, तोंड का पाडलंय? लॉटरी लागली तुम्हाला," दलाल म्हणाला.

"आधी बोट तर लागू दे," ती म्हणाली.

नवरा उतरला. डोळे तांबारलेले, ओठ मिठाने फुटलेले. पहिली पाटी त्याने वडिलांच्या पुढ्यात ठेवली आणि दुसरीकडेच बघत उभा राहिला. पाटीत नुसती पिल्लं होती. बारीक छिद्रांचं जाळं टाकलं का, हे विचारायची गरज नव्हती.

सासऱ्यांचा नियम अख्ख्या धक्क्याला पाठ होता. त्यांच्या वितीपेक्षा लहान मासा आपला नव्हे. तो पाण्यात परत, खेपेत धरायचा नाही. त्यांनी एक मासा फळीवर ठेवून पंजा ताणला. करंगळी शेपटीच्या बरीच पुढे गेली.

म्हणजे खेप रिकामीच.

"बाबा," नवरा हळूच म्हणाला, "दुसरं काही उरलंच नाही तिथं."

सासऱ्यांनी फळीवरचा आपला पंजा उचलून घेतला. मग त्यांनी तिला बिलगलेल्या नातीला हाक मारली.

"ये गं चिमणे. हात दे बघू."

तो इवलासा पंजा त्यांनी माशावर अलगद ताणून धरला. अंगठा तोंडाशी, करंगळी शेपटीशी.

"भरली की वीत," ते म्हणाले. कोणाकडेही न बघता.

नवऱ्याचे खांदे सैल पडले. दलाल पाट्या ओढू लागला. ती त्यांना दिलेल्या शब्दाची आठवण करून देणार होती. पण फळीला धरून उठणारे सासरे तिला दिसले, आणि तिने बाजूचं ओलं फडकं उचललं.

"आजोबा, अजून मोजू?" पोर हरखली होती.

तिने पुढे होऊन त्या फडक्याने मुलीचा हात पुसला. खवले निघता निघेनात. मग तिने ती बोटं एकेक करून मिटवली आणि ती मूठ आपल्या हातात धरून ठेवली.