मुलाण्याच्या सुरीची साक्ष

गावात कुणाला जुन्या गोष्टीचा दाखला हवा असला की तो हरणाबाईकडे यायचा. कुठली विहीर कुणी पाडली, कोण कुठल्या साली जन्मलं, कुणाची सोयरीक कशावरून मोडली, सगळं तिला तोंडपाठ. मायणीच्या अलीकडचं ते गाव. तिथं बांधाचं भांडण निघालं तर तलाठीसुद्धा आधी तिच्या ओट्यावर टेकायचा. वय ऐंशीच्या घरात, तोंडात दात चार, पण विसरणं कसं ते म्हातारीला ठाऊक नव्हतं.

म्हणूनच लक्ष्मीआईच्या जत्रेच्या बैठकीला तिला मुद्दाम नेलं. नेलं ते तिच्याच नातवानं, विश्वजितनं.

विश्वजित सांगलीला गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला. दोन महिन्यांपूर्वी त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी तिथल्या एका हॉटेलात गोंधळ घातला होता. चार वर्षं ते तिथं मटणाचं ताट खात आले होते, आणि एके दिवशी कळलं की तिथलं मटण हलाल असतं आणि तशी पाटी कुठं लावलेली नाही. न सांगता आमाला खायला घातलं, म्हणत त्यांनी मोबाइल धरला आणि मालकाला हात जोडायला लावले. तो व्हिडिओ गावात घरोघर पाहिला गेला. हरणाबाईलाही दाखवला. तो मालक चांगला वयस्कर दिसत होता, हे तिच्या मनात आलं होतं. पण नातवाचं नाव झालं म्हणून तिनं कानशिलावर बोटं मोडली.

आता देवळाच्या मंडपात तोच विश्वजित उभा राहून बोलत होता. या साली जत्रेची बोकडं मुलाण्यानं कापायची नाहीत, सांगलीहून झटक्यानं, म्हणजे एका घावात, कापणारी माणसं येतील, असं त्यानं सांगितलं. इथवर कुणी फारसं काही बोललं नाही. काळ बदलतो, म्हणून मोकळे झाले. पण तो तिथं थांबला नाही. मुलाण्यांनी पिढ्यान् पिढ्या गावाला फसवलं, म्हणाला. हॉटेलवाल्यानं पाटी लावली नाही तसंच यांनी केलं, देवीच्या दारात न सांगता हलाल केलं. तेव्हा दस्तगीरनं देवीपुढं चूक कबूल करावी.

दस्तगीर मुलाणी खांबाला टेकून बसला होता. सहासष्ट वर्षांचा, सडपातळ. जत्रेची सुरी त्याच्या आज्यापासून त्याच्या घरात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, खाऱ्या नैवेद्याला, देवळाच्या मागं बोकडावर पाणी शिंपडायचं, त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतलं म्हणायचं, आणि मग मुलाण्यानं पुढं होऊन देवाचं नाव घेत सुरी फिरवायची. गावातलं एकही बोकड दुसऱ्या हातानं कापलं जात नव्हतं.

तो उठला नाही. बसल्या जागीच म्हणाला, "सुरी नको असंल तर नको. गावाची जत्रा, गावाची मर्जी. पर फसवलं म्हनू नगा. आमाला बोलवायला मानूस येत हुता. हरणाकाकींस्नी इचारा."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

हरणाबाईला विचारायची गरजच नव्हती. ते सगळं तिच्या डोळ्यांपुढं आधीच उभं होतं. कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या साली, ऐन खाऱ्या नैवेद्याला, दस्तगीरचा बाप मकबूल तापानं फणफणला होता. पुरुषमाणसं म्हणाली, आपणच कापू, काय बिघडतंय. तिची सासू धोंडुबाई चुलीपुढं फतकल घालून बसली. मुलाण्याची सुरी फिरली नाही, देवाचं नाव घेतलं नाही, तर ते मटण नव्हे, मुडदा. आणि मुडदा माझ्या चुलीवर शिजणार नाही, असं तिनं बजावलं. वाड्यावस्त्यांवरच्या साऱ्या बायकांचं तेच म्हणणं. मग हरणाबाईचा नवरा धुळा गेला, आणि मकबूलला घोंगड्यात गुंडाळून खांद्यावर घेऊन आला. तशा तापात त्या माणसानं अकरा बोकडं कापली. अकरा. तिनं मोजली होती. दर बोकडाला त्याच्या तोंडचं बिसमिल्ला तिला विहिरीवरून ऐकू येत होतं, आणि ते ऐकू आल्यावरच सासूनं चुलीत जाळ सारला होता. न सांगता कसलं? साऱ्या गावानं कान देऊन ऐकलं होतं.

"सांग की आज्जे," विश्वजित म्हणाला. "तुमच्या वक्ताला कुनाला ठावं तरी हुतं का ह्ये?"

त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलचं तोंड तिच्याकडं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. ती खरं बोलली तर या पोराचं हसं होणार, त्याच्याच मोबाइलमध्ये, त्याच्याच आजीच्या तोंडानं. वडूजचे पाहुणे मुलगी द्यायला तयार झाले होते. त्यांनीही ते पाहिलं असतं. तिनं दस्तगीरकडं बघितलं नाही. पदर तोंडावर ओढला.

"लय दिस झालं," ती म्हणाली. "मला न्हाई आठवत बाबा."

कुणीतरी खाकरलं. कुणालाही ते खरं वाटलं नाही, हे तिला तिथल्या तिथं कळलं. आणि सगळ्यांना बरं वाटलं, हेही कळलं. जोतीराम पाटील तर खाली बघत चुन्याची डबी उघडझाप करत राहिला. त्या साली तो आठ वर्षांचा होता, आणि मकबूलला आणलं तेव्हा धुळाच्या मागून नाचत आला होता. दस्तगीर हळूच उठला, चपला पायात घातल्या आणि गेला. चूक त्यानं कबूल केली नाही. तो गेल्यावर कुणी त्याचा आग्रहही धरला नाही.

जत्रा झाली. देवी कोपेल, काहीतरी विपरीत घडेल, असं हरणाबाईला मनातून वाटत होतं. खरं तर घडावं असंच वाटत होतं. काही घडलं नाही. सांगलीची माणसं कामात वाकबगार होती. मटण शिजलं, भाकऱ्या झाल्या, पंगती उठल्या. सुनेनं तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. पहिला घास तिच्या तोंडात फिरत राहिला. मग गिळला गेला. दुसरा सोपा गेला. रस्सा चांगला झाला होता. आपण बोट चाटतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं हात ताटातच धुतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत मुलाण्यांच्या आळीत गेली. दस्तगीर अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता. त्यानं बाजलं टाकलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. सून आत गेली, पण तिनं पाहुणीकडं बघितलं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून तीच पोरगी दर ईदला हरणाबाईच्या घरी शिरखुर्म्याचं भांडं घेऊन येत होती.

"तुज्या बाला आमच्या ह्यांनी खांद्यावरनं आनलं हुतं," हरणाबाई म्हणाली. "भूकंपाच्या आदल्या साली. मला समदं आठवतंय दस्तगीर."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "बा मरंस्तवर सांगायचा. गावानं खांद्यावर घेतलं म्हनायचा."

"माजं चुकलं रं."

दस्तगीरनं पाल्याची फांदी खाली ठेवली. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "काकी, ह्ये मला सांगून काय व्हनार? मला ठावंच हाय. ह्ये देवळात सांगायचं हुतं."

चहा आला. तिनं तो घेतला, कारण नको म्हणणं आणखी वाईट दिसलं असतं.

तिथून ती घरी गेली नाही. मंडपात जत्रेचे उरलेले लोक बसले होते. मंडपाचे बांबू सोडायचे होते. जोतीराम होता, विश्वजित होता, आणखी सात-आठ जण. हरणाबाई पायरीवर उभी राहिली आणि बसा म्हणायच्या आत बोलायला लागली. धुळा, घोंगडं, ताप, अकरा बोकडं, सासूची चूल. कुणाच्या घरचं कुठलं बोकड तेही तिनं सांगितलं. मुलाण्यानं न्हाई फसवलं, आपुनच त्याला बलवत हुतो, त्याच्या हातचं नसंल तर आपल्या बाया शिवत न्हवत्या. गावानंच मागून घेतलं हुतं, ती म्हणाली. एकही नाव चुकलं नाही.

सगळे ऐकत होते. ऐकून झाल्यावर एकानं बांबूची गाठ सोडायला घेतली.

"जोतीराम," ती म्हणाली, "तूबी हुतास. नाचत आला हुतास मागनं."

जोतीरामनं डबी कमरेला खोचली. "म्हातारे," तो मायेनंच म्हणाला, "त्या दिशी आठवत न्हाई म्हनलीस. आज आठवतंय म्हनतीस. उद्या आनि काय आठवंल. वय झालं आता, जिवाला तरास करून घिऊ नगंस."

दोघं-तिघं हसले. वाईट हसले नाहीत. लहान पोर काही वेडंवाकडं बोललं की हसतात तसे.

विश्वजितच्या चेहऱ्याकडं तिनं बघितलं. त्याला पटलं होतं. तिच्या पोराचं पोर, तिच्या हाताखाली वाढलेलं, ती कधी खोटं बोलते आणि कधी खरं, हे त्याला गावात सगळ्यांत आधी कळायचं.  तरी त्यानं मोबाइल काढला, बैठकीतला व्हिडिओ लावला आणि कुणी न विचारताच मंडपाला दाखवला. त्यात ती पदर ओढून म्हणत होती, लय दिस झालं, मला न्हाई आठवत बाबा.

"बगा," तो म्हणाला. "तीच म्हनतीय."

मग तो खाली उतरला आणि तिचा हात धरला. तिला पायऱ्या उतरवताना त्यानं फार जपलं. "चल आज्जे, ऊन झालंय," म्हणाला. घराची वाट मुलाण्यांच्या आळीवरून जायची. दस्तगीर अंगणातच असणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं विश्वजितला सांगितलं की ओढ्याच्या अंगानं जाऊ. लांब पडेल, तुझे पाय दुखतील, तो म्हणाला. दुखू देत, ती म्हणाली.