तीन आठवड्यांत म्हातारा झालेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, कोळसा वाहणारा मालगाडीचा डबा आहे. निदान बघणारे तसं म्हणतात. खरं सांगायचं तर माझं म्हातारपण अवघ्या तीन आठवड्यांत तयार झालं, आणि तेही जेवणाच्या टेबलावर. लांबी म्हणाल तर तुमच्या मधल्या बोटाएवढी. हसू नका, आमच्यात एवढ्याला उंचापुरा मानतात.

वेल्समधल्या एका खोऱ्यात इड्वल प्रॉबर्ट नावाचा पेन्शनर राहतो. त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून माझे प्लास्टिकचे सुटे भाग काढले, कानशीने घासले आणि एकेक करून जोडले. गावातल्या खाणीच्या यार्डात असेच डबे दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती. पुढे खाण बंद पडली, रूळ उचलले गेले, यार्डाच्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. तेव्हा या पठ्ठ्याने आपल्या पुढच्या खोलीत, एका लांब फळीवर, ते यार्ड पुन्हा उभं केलं.

करडा रंग देऊन मला चाकं चढवली, तेव्हा मी अगदी नवरदेव दिसत होतो. वाटलं, आता मिरवायचं. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी इड्वलने ब्लेडने माझ्या अंगावर ओरखडे काढले. एका फळीचा रंग पार खरवडून ती कोऱ्या लाकडासारखी केली. यार्डात मोडकी फळी बदलायचे, पण नवी रंगवत बसायला वेळ कुणाला होता? मग बिजागऱ्यांवर गंज चढला, फटींत पातळ काळा रंग मुरला आणि शेवटी मऊ ब्रशने खऱ्या कोळशाची पूड बसली. वरून वार्निश लावायचं नाही, हा त्याचा हट्ट. वार्निश लावलं की धूळ चकाकते, म्हणायचा, आणि चकाकणारी धूळ कुणी पाहिली आहे? त्याची बायको नेस्टा टोमणा मारायची, की जग जुन्याचं नवं करतं, आमच्या घरी नव्याचं जुनं होतं.

माझ्यासारखे आणखी अकरा झाले. दरवर्षी चर्चच्या सभागृहात प्रदर्शन भरायचं, लोक वाकून वाकून बघायचे. ते दिवस फार सुखाचे होते. मग इड्वलची नजर अधू झाली, आणि दोन वर्षं आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. कोळ्याने माझ्यात जाळं विणलं. मित्रांनो, मला फार एकटं वाटायचं.

यंदा वसंतात इड्वलने मनावर घेतलं. यार्डातले जुने सोबती आता चौघेच उरले होते. त्यांना एकदा, शेवटचं, आपलं यार्ड दाखवायचं होतं. त्याने चौघांना प्रदर्शनाला या म्हणून पत्रं धाडली, आणि त्याच आठवड्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. तो इस्पितळात पडला, उजव्या हातातलं बळ गेलं. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी घरी सोडू. प्रदर्शन होतं शनिवारी.

नेस्टाच्या जिवाला चैन पडेना. पाहुणे यायचे म्हटलं की दाराबाहेरची पायरीसुद्धा घासणारी बाई ती. तिने आम्हा बाराही जणांना कोमट साबणपाण्यात घातलं आणि दातांच्या जुन्या ब्रशने घासून काढलं. जाळी आणि घरातली धूळ तेवढी जाईल, रंग पक्का असेल, असं त्या माउलीला वाटलं. पाणी काळंकुट्ट झालं, तशी ती खूश झाली. किती मळ साचला होता बाई, म्हणाली. मी मात्र त्या पाण्याकडे बघत राहिलो. माझं सगळं आयुष्य त्यात विरघळलं होतं.

गुरुवारी इड्वल घरी आला. टॉवेलवर ओळीने मांडलेले आम्ही त्याने पाहिले. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"छान स्वच्छ झालेत," एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसला.

त्या आवाजावरूनच नेस्टाला काय ते कळलं. त्याने उजव्या हातात ब्रश धरून पाहिला, तो गळून पडला. मग म्हणाला, राहू दे, नाही जायचं शनिवारी. त्या चौघांना दुकानातली खेळणी कशाला दाखवू?

शुक्रवारी सकाळी नेस्टाने एप्रन बांधला, कोळशाच्या पुडीची बरणी घेतली आणि टेबलाशी बसली. इड्वल म्हणाला, तुला नाही जमायचं ते.

"अठ्ठावीस वर्षं तुझे यार्डातले कपडे मी धुतलेत, इड्वल," ती म्हणाली. "मळ कुठे बसतो हे तुला काय माहीत? तू तो नुसता घरी आणलास."

मित्रांनो, त्या बोटांबद्दल काय सांगू! जिथे हात लागतो तिथे पूड चोळून गुळगुळीत, जिथे वाकून काम होतं तिथे दाट, आणि शिवणीत, म्हणजे फळ्यांच्या सांध्यांत, सर्वांत काळी. दिवसभरात बाराही जण झाले. इड्वल आधी चुका काढत होता, मग सरकून तिच्या शेजारी येऊन बसला.

शनिवारी चौघे सभागृहात आले. हेडन नावाचे सगळ्यात थोरले गृहस्थ काठी टेकून माझ्यावर वाकले.

"तू इतकी वर्षं डबे करतोयस, इड्वल," ते म्हणाले, "पण त्यांना रंगाचा वास यायचा. हा आपल्या यार्डातला आहे."

"माझा नाही तो," इड्वल म्हणाला. "आमच्या नेस्टाने केलाय."

नेस्टा पलीकडे कपांत चहा ओतत होती. तिने वर पाहिलं नाही, पण कप भरून बशीत सांडला तरी तिचं ओतणं थांबेना.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू पुसायला घ्याल, तेव्हा आधी त्यांच्या धन्याला विचारा. आणि तुमच्या घरात कुणी कपडे धुणारं असेल, तर त्याच्याजवळही घटकाभर बसा. आपण किती राबलो, हे आपला मळ धुणाऱ्याला आपल्याहून नीट ठाऊक असतं.